घोळीची चव

शेतकी खात्यात मी कामदार होतो. कामदार हा अधिकारी नव्हता आणि चपराशीही नव्हता. गावोगाव फिरून बियाणे पोहोचवायचे, पिकावरची कीड पाहायची, वरून आलेले खाली सांगायचे आणि खाली ऐकलेले वर कळवायचे, हे त्याचे काम. राज्य निजामाचे, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका, कागदपत्रे उर्दूत. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या नोकरीतल्या गोष्टी लोक अजून विचारतात. तणांविषयी कोणी विचारत नाही. संपादकांनी विषय माझ्यावर सोडला, म्हणून तणांविषयी लिहितो.

लोक मला तण आणून दाखवत. उपरण्याच्या टोकाला गाठ, गाठीत वाळलेला चुरा. गाठ सोडून विचारत, "साहेब, हे काय हाये?" चुऱ्यावरून काही सांगता येत नसे. तण जागेवर पाहावे लागते. ते उभे वाढते की पसरते, मूळ एकच खोल जाते की प्रत्येक पेराला फुटते, काडी मोडली तर पाणी येते की दूध, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल कुठे बसते आणि कोणत्या वेळी उघडते, हे पाहायचे असते. एवढे पाहूनही कधी कधी उत्तर मिळत नाही. तसे सांगितले तर लोकांना पटत नसे. एका म्हाताऱ्याने मला शांतपणे विचारले होते, "मंग तुमाला पगार कशाचा भेटतो?"

सर्वांत त्रास देत ती जमिनीला धरून पसरणारी तणे. ज्वारीच्या दोन ओळींमधल्या तासांतून ती चटईसारखी अंथरली जातात आणि उभ्याने पाहिली तर सगळी एकच वाटतात. त्यातल्या तिघांशी माझा वारंवार संबंध आला. एक दुधी, बारीक पानांची, मोडली की पांढरा चीक येणारी. दुसरी घोळ, तांबूस काडीची, जाड गुळगुळीत पानांची. तिची भाजी होते. तिसरा खापरा. तो घोळीसारखाच मांसल, घोळीसारखाच तांबूस आणि बहुतेक वेळा घोळीच्याच शेजारी उगवणारा. कोवळा असताना काही ठिकाणी तोही खातात. जून झालेला खाल्ला तर पोट बिघडते आणि पायांतले बळ जाते, असे सगळीकडे सांगत. मी स्वतः तसे झालेले तोपर्यंत पाहिले नव्हते.

खापऱ्याची आणि माझी पहिली गाठ शेतात पडली नाही. ती हिंगोलीला एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर पडली. साहेबांना विलायती पद्धतीची हिरवळ हवी होती. हरळी लावली होती, पाणी भरपूर होते, तरी मध्ये मध्ये ती पिवळी पडत होती. साहेबांनी मला बोलावले आणि एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले की सगळी हिरवळ अशी व्हायला पाहिजे. तो कोपरा खरोखर सुंदर होता, दाट आणि गर्द. वाकून पाहिले तर तिथे हरळीची एक काडी नव्हती. सगळा खापरा होता. मी तसे सांगितले. साहेबांनी तो उपटायचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी अर्धा कोपरा उघडा झालेला पाहून त्यांनी तो हुकूम फिरवला. माळी चाँदमियाँ खुरपे खाली ठेवून माझ्याकडे आला.

"साब, कल बोले उखाडो, आज बोलते रखो. मेरेकू एक बात बोलो."

"ते तण आहे, चाँदमियाँ."

"हौ, मालूम. लेकिन हरा तो वोइच है ना."

पुढच्या पावसाळ्यात ती सगळी हिरवळ खापऱ्याची झाली आणि साहेब पाहुण्यांना ती दाखवत असत. मला त्यातून एक फायदा झाला. खापरा रोपापासून बीपर्यंत मी रोज पाहिला, आणि तो आपल्याला ओळखू येतो असे मला वाटू लागले.

ते वाटणे औंढ्याजवळच्या एका गावात डळमळीत झाले.

भादवा होता. पावसाने ओढ दिली होती, जमिनीवर पापडी धरली होती. मी ज्वारीची पाहणी करत औंढ्याला मुक्कामाला होतो. देवळाजवळच्या दुकानासमोर ग्यानोजी नावाचा शेतकरी मला शोधत आला. पन्नाशीचा, बेताचे रान असलेला, बोलायला सावध. त्याने उपरण्याची गाठ सोडली.

"साहेब, हे खाल्ल्यानं माणूस मरतं का?"

"कोण मेलं?"

"मेलं न्हाई. इच्चारून ठेवावं म्हनलं."

हळूहळू त्याने सांगितले ते असे. घरात नवी सून होती, यमुना. ती कनेरगावच्या पलीकडची, वऱ्हाडातली. आठवड्यापूर्वी तिने रानातून घोळ तोडून आणली आणि भाजी केली. घरची माणसे गावाला गेली होती. ती भाजी तिने आणि ग्यानोजीची बायको सोनाबाई हिने खाल्ली. सुनेला काही झाले नाही. सोनाबाईला रात्रभर उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला उभे राहता येईना. आता ती बरी होती. पण सुनेच्या हातचे अन्न तिने सोडले होते. सुनेने घोळ म्हणून खापरा खाऊ घातला, तोही जाणून, असे तिचे म्हणणे होते. व्याह्याला निरोप गेला होता की मुलगी घेऊन जा, आम्हाला नांदवायची नाही. तो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी विचारले.

"माझं काय? पोरगी कामाला चांगली हाये. पर चूल बायकांची. तिथं दोघी एकमेकीकडं पाहत बसल्या तर आमी काय खावं?"

गाठीतल्या पाल्यात घोळही होती आणि खापराही होता. हा त्या दिवशीच्या भाजीतला का, असे विचारल्यावर तो म्हणाला की नाही, हा आजच सकाळी त्याने स्वतः उपटून आणला. म्हणजे त्याचा उपयोग शून्य होता. मी दुसऱ्या दिवशी गावाला जायचे कबूल केले.

मी पोहोचलो तेव्हा व्याही येऊन बसला होता. लक्ष्मण त्याचे नाव. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्न घ्यायचे नाही, ही रीत तो पाळत होता, त्यामुळे उन्हातून चालत येऊनही ओट्याच्या कडेला कोरड्या तोंडाने बसला होता. सोनाबाई खाटेवर होती, पण आवाजात आजार नव्हता.

"वऱ्हाडात रानातलं समदंच खातेत का हो पाहुणे? का आमच्यासाठीच निवडून धाडली?"

लक्ष्मण म्हणाला, "विहीनबाई, तिनं बी तेच खाल्लं ना. तिले काहून नाही झालं मंग?"

"तेच तर म्या म्हनते. तिला काहून झालं न्हाई?"

एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरली जात होती. मी सुनेला बोलवायला सांगितले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिचा नवरा बाबाराव अंगणात दोर वळत होता आणि वळलेला दोर पुन्हा उलगडत होता.

"घोळच तोडली होती?"

"हाव."

"कशावरून?"

"चव पाहून. आमच्याइकडे चव पाहूनच तोडतेत. घोळ आंबट लागते. आंबट नसन ते टाकून देतो."

ही रीत मला ठाऊक होती. खुरपणाऱ्या बायका तासात बसल्या बसल्या एक पान दाताखाली धरतात, मगच काडी ओटीत टाकतात. पाने, फुले यांच्याकडे पाहायला त्यांना वेळ नसतो. मी म्हणालो की रानात जाऊ, तिने कुठून तोडली ते दाखवावे आणि तशीच काडी पुन्हा तोडून द्यावी. हे सर्वांना मान्य झाले. ऊन उतरले तेव्हा आम्ही निघालो.

ज्वारी गुडघ्याच्या वर होती. तासांतून दोन्ही तणे एकमेकांत गुंतून पसरली होती. यमुना ठरावीक जागी जाऊन वाकली. घोळीची म्हणून एक काडी तिने तोडली, पान चावले आणि थुंकली. दुसरी तोडली. थुंकली. तिसऱ्या वेळी तिचा हात थांबला.

"हे नाही," ती म्हणाली.

"मंग कोनतं?" ग्यानोजीने विचारले.

"इथलीच तोडली होती. हीच दिसते. पण हे नाही. हे आंबट नाही."

मीही पान चावून पाहिले. ओल्या गवतासारखे लागले, किंचित खारट. शेजारचा खापराही चावून पाहिला. फार फरक लागला नाही. पानांच्या ठेवणीवरून माझ्या मते ती घोळच होती; टोकाला पाने जमून आलेली होती, कळ्याही टोकाला होत्या. पण फूल एकही उघडे नव्हते, आणि चव जुळत नव्हती. घोळ आंबट असते हे मलाही लहानपणापासून माहीत होते. आपल्याला ठाऊक नसलेले तिसरेच एखादे तण इथे आहे की काय, अशी शंका मला आली.

"घोळ वाटते," मी म्हणालो.

"वाटते म्हंजे?" ग्यानोजी म्हणाला. "हाये का न्हाई?"

"आत्ता सांगता येत नाही."

"सोताची तोडलेली भाजी सून वळखीना, अन् वळखायला आनलेले साहेब सांगीनात. मंग घरीच बसलो असतो की."

यमुना अजून वाकून पाने चावत होती. एकामागून एक काड्या तोडून टाकत होती. शेवटी ती सरळ उभी राहिली आणि वडिलांकडे पाहून म्हणाली, "आता मलेच कळून नाही राहिलं. मायाच हातानं झालं असंन, बाबा."

लक्ष्मणने डोक्याचे मुंडासे काढले, पुन्हा बांधले. "चाल माय," तो म्हणाला. "घरी चाल."

मी मध्ये बोललो. ते कशाच्या आधारावर बोललो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिने त्या दिवशी भाजी कधी तोडली होती, असे मी विचारले. न्याहारीच्या आधी, रानात आल्या आल्या, असे ती म्हणाली. मग आपणही सकाळीच पाहू, असे मी म्हणालो. फुले सकाळी उघडतात एवढेच माझ्या डोक्यात होते.

"सकाळपस्तोर गवत काय चालून जाणार हाये का?" ग्यानोजी म्हणाला, पण त्याने नाही म्हटले नाही. बाबारावाने धोतराच्या काठाच्या चिंध्या फाडल्या आणि मी दाखवलेल्या, नुकत्याच चाखलेल्या काही रोपांना बांधल्या. दिवसभरात तो पहिल्यांदाच काही उपयोगाचे करत होता. लक्ष्मण रात्री गावातल्या एका ओळखीच्या घरी राहिला.

सकाळी सोनाबाईही काठी टेकत आली. कोणी तिला बोलावले नव्हते. "मला बी पाहू द्या कोनतं इख हाये ते," ती म्हणाली.

चिंधी बांधलेल्या पहिल्या रोपाजवळ यमुना बसली. तिने पान दाताखाली धरले आणि तशीच बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आंबट हाये."

मी त्याच रोपाचे पान खाल्ले. दात शिवशिवावेत इतके आंबट. दुसरे चिंधीचे रोप, तिसरे, सगळी आंबट. शेजारचा खापरा मात्र कालच्यासारखाच, पाणचट. ग्यानोजीने स्वतः खाऊन पाहिले आणि मुलाकडे वळला.

"राती रानात आलतास का रं तू?"

"म्या? म्या काहून येऊ?"

"रोपटं बदललं तर न्हाई ना?"

"गोठ्यात निजलो व्हतो, आबा. बैलाला इच्चारा."

मी रोपांच्या बुडाशी पाहिले. जमिनीची पापडी जशीच्या तशी होती, मुळाभोवती एक तडासुद्धा नवा नव्हता. कोणी रोप काढून लावले नव्हते. तेच रोप संध्याकाळी बेचव होते आणि सकाळी आंबट होते. आम्ही सहा माणसे ज्वारीत उभी राहून एकमेकांची तोंडे पाहत होतो. यातला उलगडा कोणालाच नव्हता, मलाही नव्हता. कोरड्या दिवसांत ही वनस्पती रात्री हवा आत घेऊन तिची आंबटाई करून ठेवते आणि दिवसा उन्हात ती वापरून टाकते, हे मी फार नंतर, वर्तमानपत्रात असताना वाचले. तेव्हा ते सांगायला जवळ कोणी नव्हते.

ऊन वर आल्यावर चिंधीच्या रोपांच्या टोकांना पिवळी फुले उघडली. तोपर्यंत आम्ही बांधावर बसून होतो. आता माझ्या पायाखाली जमीन आली. मी एका हातात घोळ धरली, एका हातात खापरा, आणि सर्वांना दाखवले. घोळीचे फूल पिवळे आणि टोकाला. खापऱ्याचे फिकट गुलाबी, पान काडीला चिकटते तिथल्या खिशात लपलेले. खापऱ्याच्या पानांच्या जोडीत एक पान मोठे, एक लहान. सोनाबाईने दोन्ही काड्या हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या.

"इतकी वरसं खुरपलं," ती म्हणाली, "कधी असं पाहलं न्हाई."

"तोडली ती घोळ होती, एवढं दिसतं," मी म्हणालो. "सकाळी तोडली, चव पाहून तोडली, तर चूक व्हायची नाही."

"अन् एखांदी काडी आली असंल तर?" ग्यानोजीने विचारले. प्रश्न बरोबर होता. तणे एकमेकांत गुंतलेली होती. एखादी काडी आली असेल, नसेलही.

"ते मला सांगता येणार नाही."

"मंग मला झालं कशानं?" सोनाबाई म्हणाली.

मी तिला त्या दिवशी आणखी काय खाल्ले ते विचारले. आदल्या दिवशीचा उपास, सकाळी ताक, दुपारी वाळूक म्हणजे रानातली काकडी, मग ही भाजी आणि भाकरी. ताक कालचे होते का, असे विचारल्यावर ती म्हणाली की ताक तिने स्वतः घुसळले होते. वाळूक कडू होते का, तर वाळूक ती दर वर्षी खाते. प्रत्येक गोष्टीला साक्षीदार ती एकटीच होती. मी म्हणालो की तिला कशाने झाले ते मला कळत नाही, आणि ते आज कोणालाही कळणार नाही. हे ऐकायला इतक्या लांब कोणी मला बोलावले नव्हते. वर पाठवलेल्या कागदातही मी तेच लिहिले. त्यावर कधी विचारणा झाली नाही.

आम्ही गावात परतलो. ओट्यावर आल्यावर लक्ष्मण उभाच राहिला.

"विहीनबाई, आता काय ते सांगा. पोरगी ठेवता का नेऊ? मले ऊन तापायच्या आत निघू द्या."

ग्यानोजीने बायकोकडे पाहिले. बाबारावानेही पाहिले. सोनाबाई खाटेवर बसली आणि काठी बाजूला ठेवली. येताना तिने ओटीत चिंधीच्या रोपांच्या आजूबाजूची घोळ भरून आणली होती, ते तेव्हा आमच्या लक्षात आले. तिने ती सुपात ओतली.

"शिजव," ती सुनेला म्हणाली.

यमुना ओट्यावरच निवडायला बसली आणि मी तिच्यासमोर बसलो. प्रत्येक काडी तिने माझ्यासमोर धरली, मी पाहिली, मग ती सुपाच्या दुसऱ्या बाजूला गेली. दोन काड्या मी बाजूला काढल्या. त्यातली एक नक्की खापऱ्याची होती. दुसरीबद्दल माझी खात्री झाली नाही. चिरलेल्या पाल्यात मला काहीच ओळखता आले नसते, हे मी त्यांना सांगितले नाही. ते त्यांना दिसत होते. आतून लसणाच्या फोडणीचा वास आला तेव्हा माझी भूक गेली होती.

ताटे मांडली. लक्ष्मण ओट्याच्या कडेला आपल्या जागी बसला, रीत मोडायला तो तयार नव्हता. ज्वारीची भाकरी, भाजी, मिरची. कोणी घास मोडेना. यमुना दाराशी उभी होती.

"साहेबांनी वळखली," ग्यानोजी म्हणाला, "साहेबांनीच आधी खावी."

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्या सुपातून एक काडी माझ्या नजरेतून सुटली असेल का, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात सोनाबाई म्हणाली, "पाहुन्याला काहून म्होरं करता? घरात मानसं न्हाईत का?" आणि तिने आपले ताट ओढून घेतले. पहिला घास तिने बराच वेळ चावला. दुसरा घेतला. आम्ही पाहत होतो. यमुनेने चौकट धरली होती.

सोनाबाईने पाण्याचा घोट घेतला.

"आंबट झाली," ती म्हणाली.

तिने भाकरीचा आणखी एक तुकडा भाजीत बुडवला.

"लईच आंबट झाली पोरी. उद्या डाळ जास्ती टाक."

"हाव, आत्याबाई."

मग ग्यानोजीने घास मोडला, बाबारावाने मोडला, मीही मोडला. भाजी खरोखर आंबट होती. लक्ष्मण उठला, मुंडासे नीट केले, पायताण घातले आणि सर्वांना मिळून एकदाच "येतो" म्हणाला. यमुनेने तिथूनच बापाकडे पाहून मान हलवली आणि ती आत गेली. आतून डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला. ती उद्याची डाळ काढत होती.